अरे, आधी हात तरी बांधा!

किती वेळा सांगायचं? बॉक्सिंगला आला की ग्लोव्ह्ज चढवले आणि सुटला पंचिंग बॅगवर! बँडेज कुठंय? 'घरी राहिलं.' साडेचार मीटरची पट्टी, बांधायला पाच मिनिटंही लागत नाहीत. मनगटाला तीन वेढे, मग बोटांच्या मधून, मग मुठीच्या गाठींवर. तेवढाही धीर नाही? मग मनगट मुरगळतं, करंगळीमागचं तळहाताचं हाड मोडतं आणि काही आठवडे हात प्लास्टरमध्ये!

त्यात स्पारिंगला, म्हणजे जोडीदाराशी सरावाच्या लढतीला, दहा औंसाचे ग्लोव्ह्ज! जाड गादीचे सोळाचे कशासाठी असतात मग? समोरच्याचं डोकं काय रस्त्यावर पडलंय? माउथगार्ड खिशात, दात वाऱ्यावर!

आणि घामाने थबथबलेले ग्लोव्ह्ज रात्रभर सॅकमध्ये कोंबायचे. अस्तर कुजतं, वास सगळ्यांना. ग्लोव्ह्जचं तोंड उघडं ठेवून पंख्याखाली वाळवा की!