शंभरातले ते वीस जण

बरा न होणारा आजार आहे हे कळल्यावर माणूस डॉक्टरांना सहसा दोन प्रश्न विचारतो. पहिला, "किती दिवस आहेत?" दुसरा जरा चाचरत, "या औषधानं कुणी वाचलंय का?" महागडं औषध पैसे मोजण्याच्या लायकीचं आहे का, हे ठरवणारी गणितं पहिल्या प्रश्नाभोवतीच फिरतात. दुसऱ्यासाठी त्यांच्यात रकानाच नाही.

इपिलिमुमॅब घ्या. मेलेनोमा या त्वचेच्या जहाल कॅन्सरवरचं औषध. २०१० साली चाचणीचा निकाल आला तेव्हा पसरलेल्या मेलेनोमाच्या रुग्णांचं मध्यक आयुष्य ६.४ महिन्यांवरून १०.१ महिन्यांवर गेलं होतं. चार महिनेही नाहीत! एवढ्यासाठी एवढा खर्च? पण मध्यक म्हणजे किती जगले त्या क्रमानं रुग्ण उभे केले तर रांगेतला मधला माणूस. रांगेच्या टोकाला कोण उभं आहे, ते तो सांगत नाही. पुढे १,८०० हून अधिक रुग्णांची माहिती एकत्र केली तेव्हा दिसलं की साधारण पाचातला एक जण तीन वर्षांनंतरही जिवंत होता आणि तिथून पुढे जिवंत असलेल्यांचा आलेख जवळपास सपाट झाला होता. चाचरत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हे होतं.

२०१२ मध्ये 'हेल्थ अफेअर्स' या नियतकालिकात एक अभ्यास आला. कॅन्सरच्या रुग्णांपुढे निवड ठेवली होती : एकीकडे ठरावीक काळाची खात्री, दुसरीकडे धोका जास्त पण खूप जगण्याची संधीही. ७७ टक्के रुग्णांनी दुसरी वाट निवडली. २०१८ मध्ये आयस्पॉर या आरोग्य-अर्थशास्त्राच्या संघटनेच्या कार्यगटानं औषधाचं मूल्य ठरवताना विचारात घ्यायच्या घटकांत 'आशेचं मूल्य', म्हणजे अशा संधीला रुग्ण देतो ती किंमत, हेही मांडलं.

मला हे अर्धंच पटतं.

पटतं ते असं. मोजकेच महिने उरलेल्याला खात्रीचे दोन महिने जास्त मिळून फारसं काही बदलत नाही. त्याला लेकरू मोठं झालेलं बघायचं असतं, आणि ते त्या दोन महिन्यांत होत नाही. मग त्यानं मोठा डाव खेळला तर त्याला वेडा का म्हणायचं? जाणकार म्हणतील, खर्चाचा हिशोब मध्यकावर नाही, सरासरीवर चालतो, म्हणजे जास्त जगलेल्यांची वर्षं त्यात आलीच. आली खरी, पण सगळ्यांत वाटली जाऊन. वीस जणांना मिळालेली वर्षं आणि शंभर जणांना मिळालेले थोडे थोडे महिने हिशोबात सारखेच दिसतात. आजारी माणसाला ते सारखे नसतात.

पटत नाही ते पुढचं. रांगेच्या टोकाला खरंच कुणी उभं हवं. १९९० च्या दशकात अमेरिकेत स्तनाच्या कॅन्सरच्या हजारो स्त्रियांनी भयंकर मोठ्या डोसची केमो आणि सोबत अस्थिमज्जेचं प्रत्यारोपण करून घेतलं. खर्च नाकारणाऱ्या एका विमा कंपनीविरुद्ध १९९३ मध्ये ज्यूरीनं ८.९ कोटी डॉलरचा निकाल दिला. १९९९ मध्ये चाचण्यांचे निकाल आले आणि नेहमीच्या उपचारापेक्षा जास्त फायदा काही दिसला नाही. अनुकूल निघालेला दक्षिण आफ्रिकेतला अभ्यास तर बनावट ठरला. आशा भरपूर होती, टोकाला कुणीच नव्हतं.

आणि रुग्णाला नेमकं ठाऊक काय असतं? २०१२ च्याच एका अमेरिकी पाहणीत, पसरलेल्या कॅन्सरसाठी केमो घेणाऱ्यांपैकी फुप्फुसाच्या ६९ टक्के आणि मोठ्या आतड्याच्या ८१ टक्के रुग्णांना केमोनं आजार बरा होण्याची शक्यता नाही हे उमगलेलं नव्हतं. अशा समजुतीतून केलेली निवड पैशात मोजायची, तर डॉक्टर जितकं कमी बोलतील तितकं औषध मोलाचं ठरेल!

म्हणून माझं म्हणणं असं की औषध मंजूर करणाऱ्यांनी त्या वीस जणांकडे जरूर बघावं, पण आशेपोटी कंपनीला आगाऊ वाढीव किंमत देऊ नये. डाव रुग्ण खेळतो. फसला तर कंपनीचंही काही जायला हवं. ब्रिटनमध्ये २००७ मध्ये बोर्टेझोमिब या औषधाबाबत हे करून पाहिलंय. मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरच्या रुग्णाला औषधाच्या जास्तीत जास्त चार फेऱ्या द्यायच्या. रक्तातलं विशिष्ट प्रथिन निम्म्यावर आलं नाही, तर औषधाचे पैसे कंपनीनं परत करायचे. तिथे रक्तात मोजता येणारी खूण होती. इपिलिमुमॅबसारख्या औषधात कोण वाचलं हे कळायला वर्षं जातात. मग पैसेही हप्त्यानं द्यावेत, माणूस जिवंत आहे तोवर. नोंदी ठेवण्याची कटकट वाढेल, कंपन्या कुरकुर करतील. करू देत. आशेचे पैसे त्यांनाच तर हवेत.