हत्ती मोजण्याबद्दल: 'जुना प्रेक्षक' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

'जुना प्रेक्षक' यांस,

'प्रपंच पाश' या जुन्या मूकपटावरच्या माझ्या लेखावर आपण चार गोष्टी लिहिल्यात. सन चुकलंय. एका जर्मनाने युरोपातल्या प्रेक्षकांसाठी सजवलेला हिंदुस्थान मी भाबडेपणाने आपला मानून बसलो. संगीतकार नितीन सॉनींनी त्याला अलीकडे दिलेलं नवं संगीत चित्रपटावर कुरघोडी करतं. आणि शेवटी, 'हत्तीच मोजायचे होते तर सर्कशीला जायचं, लेख कशाला पाडायचा?'

सन चुकलं, मान्य. १९२८ सालचा तो याच मंडळींचा 'शिराझ', हा १९२९चा. दुरुस्त केलंय, आभार.

आता सर्कस. माझे आजोबा सांगलीकडच्या एका सर्कशीत तंबू ठोकायला होते. सुट्टीत मी त्यांच्या मागे चाऱ्याचे भारे वाहिलेत. हत्ती गवताची पेंढी सोंडेत धरून आधी पायावर आपटतो, माती झाडतो, मग तोंडात घालतो, हे मी हातभर अंतरावरून बघितलंय. त्यामुळे सर्कशीची वाट मला कुणी दाखवायची गरज नाही. आणि लेख 'पाडतात' हे कुठलं मराठी? तोंडावर बोलला असतात का असं?

राहता राहिले हत्ती. पन्नास हत्ती, हजार घोडे, दहा हजारांवर माणसं, असे आकडे या चित्रपटाबद्दल सांगतात. मी ते दिले, कारण गोष्टच डावाची आहे. रणजित (चारू रॉय) आणि सोहन (हिमांशू राय) दोघेही राजे, दोघेही जुगारी, आणि दोघांचाही जीव आश्रमातल्या सुनीतावर, म्हणजे सीता देवीवर. सोहनचे फासे खोटे. रणजित राज्य हरतो, मग स्वतःलाच पणाला लावून गुलाम होतो. तो लवाजमा आधी डोळे भरून बघितलेला असतो म्हणून तर मुठीत मावणाऱ्या त्या फाशांची धास्ती वाटते! 'सर्वस्व गेलं' अशी नुसती पाटी दाखवून काय गेलं ते कळतं होय? हे लेखात दुसऱ्याच परिच्छेदात होतं. आपण तिथवर पोचला नसाल.

जर्मन दिग्दर्शकाचं म्हणाल तर निर्माते हिमांशू राय, लेखन निरंजन पाल यांचं, आणि हाच फ्रान्झ ओस्टेन पुढे मालाडला बॉम्बे टॉकीजमध्ये 'अछूत कन्या' करून गेला. तो कुणाला परका वाटल्याचं मी ऐकलं नाही. या वादात मी शिरत नाही, माझा लेख प्रेमकथेवर होता.

संगीत नको वाटलं तर आवाज बंद करून बघा. मूकपटच आहे तो.