लेकीचं नाव गाळलं म्हणून तिचा वाटा जात नाही

लातूर, बीड, परभणीकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय. त्यातले दावे असे: मृत्युपत्र बाँडवर लिहून रजिस्टर केलं तरच चालतं. नॉमिनी म्हणजेच मालक. सातबाऱ्यावर ज्याचं नाव, त्याचीच जमीन. आणि बापाने मृत्युपत्रात लेकींची नावं गाळली की त्यांचा हक्क संपला. चारही दावे चुकीचे आहेत. शेवटच्या दाव्यामुळे तर कितीतरी बाया आपला वाटा मागायलाच जात नाहीत.

आधी बाँडचं बघू. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही, साधा कोरा कागद चालतो. भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 च्या कलम 63 प्रमाणे करणाऱ्याची सही किंवा अंगठा हवा आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. नोंदणी ऐच्छिक आहे. तरी ती करावी असं माझं मत आहे, कारण उद्या कुणी सही खोटी म्हटलं तर तिचा आधार होतो. म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलेलं असेल तर दुय्यम निबंधकाला अर्ज करून घरी बोलावता येतं. मात्र नोंदवलेलं मृत्युपत्रही माणूस हयात असेपर्यंत बदलू शकतो, आणि शेवटचं असेल तेच खरं.

नॉमिनीचं उत्तर छोटं आहे. बँकेतल्या ठेवीचा नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, ते वारसांपर्यंत पोचवायची जबाबदारी त्याच्यावर राहते. शेअर्सबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हेच सांगितलं. भावाला नॉमिनी केलं म्हणून बायकोचा हक्क जात नाही.

सातबारा महसुलाची नोंद आहे. उलट सिद्ध होईपर्यंत ती खरी धरतात, पण फेरफाराने मालकी जन्माला येत नाही. तलाठ्याकडे एकट्या थोरल्याने वारस म्हणून नाव लावून घेतलं, तरी बाकीचे दिवाणी न्यायालयात वाटणी मागू शकतात.

आता लेकींचं. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 30 प्रमाणे माणूस वडिलोपार्जित जमिनीतल्या फक्त स्वतःच्या हिश्शाचं मृत्युपत्र करू शकतो. समजा वडिलोपार्जित 12 एकर रान आहे. घरात आई-वडील, एक लेक आणि एक मुलगा. हिशेबाला वाटणी धरली तर चार हिस्से पडतात, प्रत्येकी 3 एकर, कारण अशा वाटणीत आपल्याकडे बायकोलाही हिस्सा मिळतो. वडिलांनी सगळं रान मुलाला लिहून दिलं तरी त्या कागदाने जातात ते त्यांचे 3 एकर. लेकीचे 3 एकर तिचेच राहतात. 2005 च्या दुरुस्तीने तिला हा हक्क जन्मतः दिला. लग्नात खर्च झाला म्हणून तो सुटत नाही. 9 सप्टेंबर 2005 ला वडील हयात असण्याचीही गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 ला स्पष्ट केलं. 20 डिसेंबर 2004 च्या आधी झालेल्या नोंदणीकृत वाटण्यांना मात्र हात लागत नाही.

वडिलांनी स्वतः विकत घेतलेली जमीन असेल तर ती ते कुणालाही देऊ शकतात. हे लेकींनीही समजून घ्यावं. आजोबांच्या नावची प्रत्येक जमीन वडिलोपार्जित ठरतेच असंही नाही. वाटणी कधी झाली, आजोबा कधी वारले, यावर ते ठरतं. म्हणून वकिलाकडे जाताना जुने फेरफार आणि खासरा पत्रकाची (मराठवाड्यातल्या जुन्या जमीन नोंदीची) नक्कल सोबत न्यावी.

मृत्युपत्रच नसेल, तर त्या 3 एकरांवर आणि स्वकष्टाच्या मिळकतीवर बायको, मुलगा, मुलगी आणि मयताची आई यांचा सारखा हक्क. ही आई बऱ्याचदा विसरली जाते. साडीचोळी करून बहिणीची सही घेण्याची रीत आपल्याकडे आहे, पण जमिनीचं हक्कसोडपत्र नोंदणीकृतच लागतं. काय लिहिलंय ते वाचून घेतल्याशिवाय बहिणींनी सही करू नये.

मुस्लिम कुटुंबांना हा हिशेब लागू नाही. तिथे साधारणपणे कर्ज आणि दफनाचा खर्च वजा जाता एक तृतीयांशापुरतीच वसीयत करता येते.

साक्षीदार निवडताना ज्याला काही मिळणार आहे तो टाळा. तुमच्यापेक्षा तरुण आणि गावातच राहणारे दोघे घ्या. वाद झाला तर त्यांच्यापैकी किमान एकाला कोर्टात उभं राहून साक्ष द्यावी लागते.