सीझर काही ‘सिझर’ने जन्मला नव्हता

‘ज्युलियस सीझर आईचं पोट फाडून जन्मला. जगातलं ते पहिलं सिझेरियन, म्हणून ऑपरेशनला त्याचं नाव.’ व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षानुवर्षं फिरणाऱ्या या मजकुराला हल्ली ‘आपल्या सुश्रुतांनी हे आधीच केलं होतं’ असं शेपूटही लागलंय.

आधी आईचं बघू. सीझरचा जन्म इ.स.पू. 100 चा. त्या काळच्या रोममध्ये पोट फाडायचे ते बाई गेल्यावर, नाहीतर जायच्या बेतात असताना. सीझरची आई ऑरेलिया मात्र इ.स.पू. 54 पर्यंत होती, आणि चांगली खमकी होती. इ.स.पू. 62 मध्ये सीझरच्या घरी फक्त बायकांची पूजा चालू असताना क्लोडियस नावाचा तरुण बाईच्या वेशात आत घुसला. प्राचीन ग्रीक चरित्रकार प्लूटार्क सांगतो, ऑरेलियाने पूजा थांबवली, दारं लावायला लावली आणि मशाली घेऊन घरभर हिंडत त्याला हुडकून काढलं. सिझर झालेली रोमन बाई अडतीस वर्षांनी हे करेल?

‘पहिलं’ हेही खोटं. पोटात मूल असताना बाईला पुरू नये, आधी ते काढावं, हा रोमन कायदा नुमा राजाच्या नावावर सांगतात. तो सीझरच्या कित्येक शतकं आधीचा.

नावाचं म्हणाल तर ‘सीझर’ हे घराण्याचंच नाव. बापही सीझरच. प्लिनी या रोमन लेखकाने लिहिलंय की घराण्यातल्या पहिल्या सीझरचं नाव आईचं पोट कापण्यावरून पडलं. ती गोष्ट लोकांनी उचलून ज्युलियसला चिकटवली. (प्लिनीचं तरी खरं कशावरून, तो प्रश्न वेगळाच.) लॅटिनमध्ये कापण्याचं क्रियापद ‘कायडेरे’, ऑपरेशनचं नाव त्यावरूनच आलं असावं.

आता सुश्रुत. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थान या भागातला श्लोक मी वाचलाय: प्रसवकाळी आई दगावली आणि कूस हलताना दिसली, तर वैद्याने तत्क्षणी ती फाडून मूल बाहेर काढावं. म्हणजे इथेही आई गेलेलीच. चंद्रगुप्त मौर्याचा मुलगा बिंदुसार याच्या जन्माच्या जैन कथेतही विषाने मरणाऱ्या राणीचंच पोट चाणक्य फाडतो.

‘सिझर झालं, दोघं सुखरूप आहेत,’ हा आपला नेहमीचा निरोप फार अलीकडचा. गर्भाशय न शिवताच पोट बंद करायची रीत पूर्वी सर्रास होती. बायका रक्तस्रावाने आणि जंतुसंसर्गाने जायच्या. 1876 मध्ये इटलीच्या पोर्रोने आईला वाचवायला गर्भाशयच काढून टाकलं. ते जागेवर ठेवून टाके कसे घालायचे, हे जर्मनीच्या मॅक्स झेंगरने मांडलं 1882 मध्ये.