म्हणे समस्या आढळली नाही!

समस्या आढळली नाही. हे वाक्य ज्याने कोणी विंडोजच्या त्या ट्रबलशूटरमध्ये, म्हणजे बिघाड शोधून देतो म्हणणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, टाकलंय ना, त्याला आख्खा दिवस माझ्या खुर्चीत बसवून या कॉम्प्युटरवर काम करायला लावायचंय मला. दुपारी कामाच्या व्हिडिओ कॉलवर होते. मी बोलतेय आणि समोरच्यांना माझं अर्धंच वाक्य ऐकू जातंय, मध्येच टर्रर्र असा आवाज, माउसचा बाण जागच्या जागी गोठतो आणि मग एकदम उडी मारून स्क्रीनच्या दुसऱ्या टोकाला जातो, टाइप केलेली अक्षरं आधी उमटतच नाहीत आणि मग सगळी एकदम धाडकन येऊन पडतात. थोडा वेळ बरं चालतं, की परत तेच. समोरून तीनदा ऐकलं, "तुझं नेट गेलंय का?" नेट नाही हो गेलं! नेट चांगलं धावतंय, हा डबा अडकतोय!

कॉल कसाबसा संपवला आणि तो ट्रबलशूटर चालू केला. "समस्या शोधत आहे" म्हणत एक पट्टी सरकवत बसला. आणि ती पट्टी अडकत होती. माझ्या डोळ्यांदेखत. पट्टी थांबली, बाण गोठला, मागे लावलेल्या गाण्याचा टर्रर्र झाला, परत सगळं सुरू झालं, परत थांबलं. म्हणजे जो आजार शोधायला बसलाय तो आजार त्याला स्वतःला शोधता शोधता होतोय, आणि एवढं सगळं होऊन गेल्यावर तो थंडपणे सांगतो की समस्या आढळली नाही. वर खाली विचारतो, ही माहिती उपयुक्त होती का? "नाही" दाबलं. तर अभिप्राय लिहायची खिडकी उघडताना परत सगळं गोठलं. इतका संताप झाला की उठून दुसऱ्या खोलीत गेले, नाहीतर कीबोर्ड भिंतीवर गेला असता.

आणि टास्क मॅनेजर, म्हणजे कॉम्प्युटर किती कामात आहे ते दाखवणारा विंडोजचा तक्ता! तो तर बघूच नये. इकडे सगळं ठप्प आणि तिकडे सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, १२ टक्के, मेमरी निम्मी रिकामी, डिस्क ३ टक्के. बघणाऱ्याला वाटतं बाईच कटकटी आहे. अरे, तो सीपीयूचा आकडा साधारण सेकंदाला एकदा बदलतो आणि सगळ्या कोरची, म्हणजे प्रोसेसरमधल्या काम करणाऱ्या वेगवेगळ्या भागांची, मिळून सरासरी दाखवतो. आठ कोर असतील आणि त्यातला एक पूर्ण जॅम झाला तरी एकूण आकडा दिसणार साडेबारा टक्के. आणि ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर एक फ्रेम, स्क्रीनवरचं एक चित्र, म्हणजे १६.७ मिलिसेकंद, त्यामुळे पन्नास-शंभर मिलिसेकंदांचा झटका डोळ्याला नि कानाला लगेच कळतो, पण सेकंदाच्या सरासरीत तो कुठल्या कुठे विरून जातो. सरासरीवर विश्वास ठेवायला सांगणाऱ्या प्रत्येकाचा मला राग आहे. गेमवालेसुद्धा नुसती सरासरी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम दिसतात तो आकडा) सोडून सगळ्यात वाईट १ टक्का फ्रेम बघायला लागले त्याला कित्येक वर्षं झाली, आणि सिस्टीमचं स्वतःचं यंत्र अजून सरासरीच दाखवत बसलंय.

त्यात सल्ले देणारे. कोणालाही सांगा की कॉम्प्युटर अडकतोय, दुसऱ्या सेकंदाला उत्तर तयार. रॅम वाढव. अरे पण निम्मी रॅम रिकामी पडलीये, अजून टाकून त्यात लोणचं घालू का? एसएसडी टाक. आहे! मग फॉरमॅट मार. हे "फॉरमॅट मार"वाले तर माझ्या डोक्यात जातात. सगळा डेटा बाहेर काढा, सगळं परत टाका, सगळे पासवर्ड परत भरा, आणि त्यानंतर घोळ घालणारा ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर चालवणारा प्रोग्रॅम, तोच परत आपोआप येऊन बसणार आणि तेच झटके सुरू होणार. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. दुरुस्तीवाल्याकडे नेलं तर तो पंधरा मिनिटं चालवून बघतो, तेवढ्यात एकही झटका येत नाही, आणि तोही रॅमच सुचवतो. एकानेही, खरंच एकानेही, "नक्की कधी अडकतं, अडकताना आवाजही तुटतो का" असं विचारलं नाही. माउस नि आवाज दोन्ही एकदम तुटत असतील तर ती वेगळी गोष्ट, फक्त गेम अडकत असेल तर वेगळी, फाइल उघडतानाच अडकत असेल तर डिस्क बघा, स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिच्या, आकड्यांत पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणारे तुकडे) वाढलेत का बघा, लॅपटॉप तापल्यावरच मंदावत असेल तर धूळ नि तापमान बघा, शंभर डिग्रीच्या आसपास गेला की प्रोसेसर स्वतःच स्वतःचा वेग कापतो. एवढं साधं आहे हे. पण विचारायचे कष्ट कोणी घ्यायचे?

आणि ते "रिस्टार्ट केलंस का"वाले. शटडाउन करून परत चालू केला तर मशीन ताजंतवानं होतं असं वाटतं ना? फास्ट स्टार्टअप चालू असेल तर नाही होत. शटडाउन दाबल्यावर कर्नलची, म्हणजे विंडोजच्या गाभ्याची, अवस्था, ड्रायव्हरसकट, डिस्कवर लिहून ठेवतात आणि सकाळी तीच परत उचलतात. खरा नवा जन्म फक्त रिस्टार्टमध्ये. बंद या शब्दाचा अर्थसुद्धा लोकांना न सांगता बदलून टाकला, आणि हे फास्ट स्टार्टअप बंद करायची सोय पॉवर ऑप्शन्सच्या कुठल्यातरी खोल कोपऱ्यात नेऊन ठेवली.

विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही साफ करून देतो म्हणणाऱ्या रजिस्ट्री क्लीनरबद्दल तर बोलायलाच नको. शेकडो "चुका" लाल अक्षरांत दाखवायच्या, घाबरवायचं आणि वर स्वतःच कायमचं बॅकग्राउंडला ठाण मांडून बसायचं. घरातल्या कोणीतरी एक टाकून ठेवला होता, तो काढतानाही "नक्की जायचंय का" म्हणून रडत होता.

शेवटी मीच बसले. लेटन्सीमॉन नावाचं, कुठला ड्रायव्हर किती वेळ अडवतो ते मोजणारं टूल लावलं, चालू ठेवलं आणि झटका यायची वाट बघितली. आला झटका, आणि समोर नाव. वायफायचा ड्रायव्हर. हार्डवेअरकडून इंटरप्ट, म्हणजे "आधी माझ्याकडे बघ" अशी हाक, आला की ड्रायव्हरने तातडीचं तेवढं उरकायचं आणि उरलेलं काम डीपीसीत, म्हणजे जरा मागे ढकललेल्या कामांच्या रांगेत, ढकलायचं, आणि ते डीपीसीसुद्धा १०० मायक्रोसेकंदांत संपवायचं असं ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना सांगितलेलं असतं. कारण ते चालू असताना त्या कोरवर दुसरं कुठलंही साधं काम पुढे सरकत नाही, ना आवाज, ना माउस. आणि हा पठ्ठ्या कित्येक मिलिसेकंद कोर अडवून बसलेला! ड्रायव्हरची तारीख बघितली तर झटके सुरू झाले त्याच आठवड्यातली. मी टाकला नव्हता, मला विचारलंही नव्हतं, अपडेटबरोबर गुपचूप आला होता.

मला चीड याचीच येते की सिस्टीमला हे सगळं माहीत असतं. कुठला ड्रायव्हर किती वेळ अडवून बसला याची नोंद काढायची सोय आतमध्ये आहे, त्याशिवाय ते फुकटचं टूल काय हवेतून नाव काढतं? मग ती सोय त्या ट्रबलशूटरला का वापरता येत नाही? "दुपारी अमुक वाजता तुमच्या वायफाय ड्रायव्हरने सगळं अडवलं" एवढी एक ओळ दाखवा ना. ज्यांना हे टूल माहीत नाही ती माणसं चांगली चालणारी मशीन भंगारात काढतात हो!

आणि कबूल केलं तर नाक कापलं जात नाही. एएमडी या प्रोसेसर बनवणाऱ्या कंपनीने २०२२ च्या मार्चमध्ये स्वतःच जाहीर केलं होतं की तिच्या रायझन प्रोसेसरची काही मशीन फर्मवेअर टीपीएम या सुरक्षेच्या सोयीमुळे मध्येच क्षणभर अडकतात, आणि मे महिन्यापासून त्यासाठी बायोसचे, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅमचे, अपडेट यायला लागले. तोपर्यंत ज्यांची मशीन अडकत होती त्यांना किती जणांनी रॅम वाढवायला लावली असेल, विचार करा. एकाही टास्क मॅनेजरमध्ये ते दिसलं नसणार.

तर मी वायफायचा ड्रायव्हर रोल बॅक केला, म्हणजे आधीचा जुना परत आणला. बटण दाबता आलं हे नशीब, बऱ्याचदा ते करडं पडलेलं असतं. लेटन्सीमॉन हिरवं, आवाज स्वच्छ, बाण लोण्यासारखा. संध्याकाळभर एक झटका नाही. आणि आत्ता रात्री अपडेटची यादी उघडून बघते तर तोच ड्रायव्हर, तोच आकडा, "यशस्वीरीत्या इन्स्टॉल झाला". परत! मी हाताने काढलेली गोष्ट माझ्याच मशीनवर मला न विचारता परत आणून बसवली. आता आपोआप येणारे ड्रायव्हर अपडेट सगळे बंद करतेय, जुना ड्रायव्हर परत टाकतेय, आणि उद्या कोणी "अपडेट का बंद ठेवलेत, धोका असतो" म्हणून शिकवायला आलं तर त्याने आधी माझ्याबरोबर एक कॉल करून दाखवावा.