शेजारचा प्लॉट कितीला गेला?

जागा विकायचीय? मग आधी शेजारचा प्लॉट कितीला गेला ते काढा. त्यासाठी नोंदणी विभागाच्या ई-सर्चवरून इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या सौद्याचा गोषवारा, काढायच्या भानगडीत मात्र पडू नका. त्यात मोबदला, बाजारमूल्य, क्षेत्रफळ, तारीख सगळं एकाच पानावर असतं आणि असल्या तपशिलानं भाव पडतो. त्यापेक्षा संध्याकाळी कोल्हापूरच्या रंकाळ्यावर एक फेरी मारा. निघताना साठ लाखांचा असलेला सौदा फेरी संपेपर्यंत पंचाहत्तरला गेलेला असतो. तो आकडा पक्का धरा.

त्याचा प्लॉट कोपऱ्याचा, बारा मीटर रस्त्याला. तुमचा बोळात, रिक्षासुद्धा उलटी बाहेर काढावी लागते. रस्त्याच्या रुंदीवर किती बांधता येईल ते ठरतं, म्हणून बिल्डर रुंद रस्त्याला जादा मोजतो. मोजू दे. तुम्ही एवढंच म्हणायचं, “गल्ली तीच की!” त्याचा एन.ए., म्हणजे रीतसर बिगरशेती झालेला, तुमचा गुंठेवारीचा, शेतजमिनीचे परवानगीविना तुकडे पाडलेल्यातला, नियमित करायचा राहिलेला? “कागदाचं काय, होतंय हो.”

फ्लॅट असेल तर आणखी सोपं. शेजारचा साडेसत्तेचाळीस लाखांना गेला. कार्पेट, म्हणजे घरातली वापरायची जागा, 700 चौरस फूट; भिंती, जिना, लिफ्टचा वाटा धरून सुपर बिल्टअप 950. रकमेला 700 नं भागा, 6,786 रुपये दर निघतो. आता हाच दर आपल्या तेवढ्याच फ्लॅटच्या 950 ला लावा. झाले साडेचौसष्ट लाख. सतरा लाख, बसल्या जागी! त्याच्या सौद्यात पार्किंग आणि फर्निचर धरलं होतं का, हे विचारू नये. भावकीत झालेला किंवा कर्जापायी घाईत उरकलेला व्यवहारसुद्धा तेवढाच हिशेबात धरावा, पण आपण खरेदीला गेल्यावर.

पंचगंगेच्या अंगाला जागा असेल, तर शेजारच्याचा सौदा 2018 चा असलेला उत्तम. 2019 आणि 2021 चे पूर तेव्हा यायचे होते. भिंतीवरची पाण्याची रेघ रंगवून घ्या. मात्र खार खरवडून, भिंत पुरती वाळवून. ओल्या गिलाव्यावर नुसता डिस्टेंपर मारलात तर पापुद्रे निघतात आणि रेघ पुन्हा हजर. गिऱ्हाईकानं पूररेषेचा नकाशा मागितला, तर धोक्याची पातळी 43 फूट ही राजाराम बंधाऱ्यावरची आहे, आपल्या दारात कुठं बंधारा आहे, असं विचारावं.

खरेदीपत्रात रक्कम कमी दाखवायची गल्लीतली प्रथा मोडू नका. रेडी रेकनर, म्हणजे सरकारी दरानं निघणारी किंमत, आणि करारातली रक्कम यांत जे जास्त, त्यावर मुद्रांक शुल्क बसतं, म्हणून सगळे रेकनरला टेकून लिहितात. मग बँकेचा व्हॅल्युअर आसपासचे तेच नोंदलेले व्यवहार बघतो, तुमच्या जागेची किंमत तेवढीच लावतो आणि तुमच्या गिऱ्हाईकाचं कर्ज अडकतं. अशा वेळी व्हॅल्युअरला शिव्या घालाव्यात.

आठ महिने बोर्ड लटकला, की जागेत काहीतरी घोळ आहे असं लोक बोलू लागतात. हरकत नाही. पलीकडच्यानं तोवर तुमचा बोर्ड बघून आपल्या जागेला पाच लाख चढवलेले असतात. आता तुम्ही त्याचा आकडा दाखवून दहा चढवा.

आणि एखादा गिऱ्हाईक पिशवीतून गेल्या वर्षभरातल्या चार इंडेक्स टूच्या प्रती काढून टेबलावर मांडू लागला, तर त्याला चहा पाजा आणि सांगा, “आम्हाला तशी विकायची नाहीच.”