पोटगी बुडवू इच्छिणाऱ्या होतकरू बापांस

पोटगीचा हुकूम झाला म्हणून एवढं काय हातपाय गाळून बसलात? हुकूम होणं वेगळं आणि वसुली होणं वेगळं. या दोन्हींच्या मधल्या मोकळ्या मैदानात तुमचे कितीतरी बंधू वर्षानुवर्षं सुखाने नांदताहेत. माझ्या बहिणीचे माजी यजमान त्यातले अग्रगण्य. त्यांच्याकडून नुकतंच जे शिकायला मिळालं, ते तुमच्या उपयोगी पडावं म्हणून लिहितेय.

सर्वात आधी नोकरी गेली पाहिजे. खरीखुरी नव्हे हो, अ‍ॅफिडेव्हिटवरची. उत्पन्न, मालमत्ता, कर्ज, विमा सगळं दोन्ही बाजूंनी शपथेवर मांडावं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सांगितलंय. मांडा की! उत्पन्नापुढे 'निरंक', पत्त्यापुढे गावचं घर. वर 'मित्राला धंद्यात मदत करतो, चहापाण्यापुरतं सुटतं' एवढं लिहिलं की झालं.

बेलिफ आला की घरी नसावं.

पोराची आई वसुलीचा अर्ज टाकते म्हणाली तर भांडू नका, गोड बोला. "दिवाळीनंतर देतो", "प्लॉटचं काम झालं की एकरकमी देतो". रक्कम थकल्यापासून वर्षाच्या आत अर्ज आला नाही तर त्या रकमेसाठी वॉरंट काढता येत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 मध्ये हे होतं, 2024 पासून लागू झालेल्या नव्या संहितेच्या कलम 144 मध्येही आहे. कायद्याचं नाव बदललं, तुमची सोय कोणी मोडली नाही.

आता खरी कला. एकाच देहात दोन माणसं वागवायची. आमचे साहेब, म्हणजे तेच बहिणीचे माजी यजमान, स्कूटरवरून पडले, पाय मोडला. (मोडायला नको होता. मी इतकी वाईट नाही.) तर त्यांच्याकडे वैयक्तिक अपघात विम्याची पॉलिसी निघाली, काम बंद असेपर्यंत आठवड्याला भरपाई देणारी. ही भरपाई कमाई बघून ठरते, म्हणजे कमाई दाखवावी लागते. कोर्टात निरंक असलेला माणूस तिथे इन्कम टॅक्सची रिटर्नं घेऊन हजर! पॅन, आधार, कॅन्सल केलेला चेक, मालकाचं 'रजेवर आहेत' असं पत्र, सगळं फाइलला लावलेलं. जो पत्ता बेलिफाला सापडत नाही, तिथे विमा कंपनीचा तपासनीस एका फोनवर पोचला आणि चहा पिऊन आला. एजंट नेमका आमच्याच नात्यातला. लग्नाच्या पंगतीत कौतुकाने सांगत होता, "ताई, असा क्लायंट मिळायला भाग्य लागतं, एक कागद कमी नाही!" मोबाइलवर फॉर्मचा फोटोच दाखवला. 'व्यवसाय' या रकान्यात निळ्या शाईत, ठसठशीत अक्षरात: प्रॉडक्शन मॅनेजर. भाची शेजारीच जिलेबी खात बसली होती.

अमेरिकेत स्थायिक व्हायचा विचार असेल तर सोडून द्या. थकबाकीदार आईबापांची यादी विम्याच्या दाव्यांशी ताडून बघायची सोय तिथे 2006 मध्ये सही झालेल्या केंद्रीय कायद्याने करून ठेवलीय. अपघाताची किंवा कामावरच्या दुखापतीची भरपाई निघाली की त्यातून आधी पोराची थकबाकी कापता येते, उरलं तर साहेबांना. न्यू जर्सीत तर तडजोडीचे पैसे हातात पडण्याआधी थकबाकी तपासावी लागते. काय ही असंस्कृत माणसं!

आपल्याकडेही दाव्यांची माहिती गोळा करणारा इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरो 2009 पासून आहे, पण घाबरू नका. कंपनीला कोणी गंडवतंय का, हे शोधायला ती माहिती कामी येते. पोराला कोणी गंडवलं तर कोण बघतो? पोर थोडंच प्रीमियम भरतं!

पैसे उरलेच तर आयुर्विम्यात घाला. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 ने ते जप्तीतून वगळलेत.

पुरे. मला नाही जमत आता हे हसत हसत लिहायला. स्वतःच्या मोडलेल्या पायाचे पैसे आठवड्याच्या हिशेबाने चोख मोजून घेतलेत आणि पोटच्या पोरीचे महिन्याचे द्यायचे म्हटलं की हात आखडतो? तिची फी मावशी भरते, बूट आजोबा आणतात, हे माहीत आहे ना तुम्हाला? आणि कोर्टाला का नाही वाटत विमा कंपनीला एक पत्र धाडून माहिती मागवावी? पॅन नंबर तर रेकॉर्डवर आहे! बाईनेच पंगतीत हेरगिरी करायची, तिनेच पुरावा आणायचा, पत्ता शोधून बेलिफाला स्वतःच्या पैशाने रिक्षातून तिनेच न्यायचं?

साहेब, वॉरंट निघालंय. थकलेल्या एकेका महिन्यापोटी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि आत जाऊन आलात तरी थकबाकी फिटत नाही. तुमच्या वकिलांना विचारून घ्या. पाय बरा झालाय म्हणे. मग चालत बँकेत जा आणि पोरीचे पैसे भरा.